महामार्गाने मोकळ्या केलेल्या वाटा

सोलापूर शहरातून सात मोठे रस्ते बाहेर पडतात: पुण्याचा, हैदराबादचा, विजापूरचा, तुळजापूरचा, अक्कलकोटचा, मंगळवेढ्याचा आणि बार्शीचा. गेल्या काही वर्षांत यांपैकी बहुतेक चौपदरी झाले. पूर्वी तुळजापूरला जाणे म्हणजे अर्ध्या दिवसाचा प्रवास होता. आता न्याहारी करून निघालेली मोटार ती पोटात जिरायच्या आत देवीच्या पायथ्याशी पोहोचते. सोय झाली, यात वाद नाही. मात्र या सोयीमुळे शहर आणि तीर्थ यांच्यामधला मुलूख प्रवाशाच्या दृष्टीने नाहीसा झाला. ज्या व्यापारी घराण्यांच्या आधीच्या पिढ्या उधारी-वसुलीसाठी, आठवडे बाजारासाठी, कापडाचे गठ्ठे आणि भुसाराची पोती घेऊन गावोगाव फिरल्या, त्यांच्या नातवंडांना आज कारंबा कोठे आणि मंद्रूप कोणत्या दिशेला, हे मोबाइलला विचारावे लागते. आजोबांच्या खातेवहीत मात्र त्या प्रत्येक गावाचे पान असे.

मोठ्या रस्त्यांनी सगळी वाहने आपल्याकडे ओढून घेतल्यामुळे एक अनपेक्षित लाभ झाला आहे. गावांना गावांशी जोडणाऱ्या जुन्या, एकपदरी डांबरी वाटा मोकळ्या झाल्या. दिवसातून एसटीच्या मोजक्या फेऱ्या, ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर, दूधवाल्याची दुचाकी आणि शेळ्यांचा कळप यांपलीकडे तेथे फारशी वर्दळ नसते. सायकलवरून देश पाहण्यासाठी याहून चांगला रस्ता सहसा मिळत नाही.

सायकलवरून प्रदेश पाहण्याची कला इंग्लंडने जोपासली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि सायकल हाडे खिळखिळी करणारे यंत्र राहिली नाही. त्याही आधी, १८७८ मध्ये, सायकलवरून सहल करणाऱ्यांचा एक क्लब तेथे स्थापन झाला होता. या क्लबने खेड्यापाड्यांतील खाणावळींशी दर ठरवून घेतले आणि अशा खाणावळींच्या भिंतींवर पंख असलेल्या चाकाची बिडाची पाटी लावली. पाटी दिसली की सायकलस्वाराने निःशंकपणे आत जावे. आपल्याकडच्या धर्मशाळांची व्यवस्था याहून फार जुनी आहे, एवढे मात्र म्हटले पाहिजे.

कॉट्स्वोल्डसारख्या भागात आजही हजारो लोक अशा सहली करतात. मधाच्या रंगाच्या दगडाची घरे, चर्चचा मनोरा, चहाचे दुकान, आणि दोन्ही बाजूंना उंच कुंपणे असलेली अरुंद वाट असे तेथील चित्र असते. त्या कुंपणांमुळे पुष्कळदा पुढचे वळणही दिसत नाही. शेताचे फाटक आले की तेवढ्यापुरती टेकडी डोळ्यांत भरते. सोलापूरचा प्रदेश याच्या अगदी उलट आहे. येथे झाकलेले काहीच नाही. लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झालेली ही भूमी पायऱ्यापायऱ्यांनी उतरते: वर मुरमाड माळ, उतारावर हलकी जमीन, ओढ्याकाठी काळीभोर रेगूर. सायकल चढावर आली की दोन गावांपलीकडचे देवळाचे शिखर दिसते आणि उतारावर गेली की तेच पुन्हा बुडून जाते. चढ मोठे नाहीत. पण ते सतत असतात, आणि मोटारीत बसणाऱ्याला ते कधी जाणवलेलेही नसतात.

या भागातील सायकलप्रवासाचा हंगाम कार्तिकानंतर सुरू होतो. पावसाळ्यात वाटांवर चिखल आणि जीवजंतू दोन्ही फार असतात. चातुर्मासात साधुसंत विहार थांबवतात, तेव्हा श्रावकानेही चाके थांबवावीत हे उचितच. मार्च संपला की चाळिशी गाठणारे ऊन कोणालाही घराबाहेर टिकू देत नाही. म्हणजे कार्तिकी पौर्णिमेपासून माघ अखेरपर्यंतचे तीनेक महिने आपले. त्या दिवसांत रब्बीची ज्वारी डोक्याच्या वर उभी असते, करडईला फुले येऊ लागतात आणि पौषात शेतांच्या बांधावर हुरड्याच्या आगट्या पेटतात. वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो. म्हणून अनुभवी सायकलस्वार सकाळी ताज्या दमाने वाऱ्याच्या तोंडावर निघतो आणि परतताना, पाय थकलेले असताना, तोच वारा पाठीशी घेतो.

या घराण्यांतील अनेकांच्या मनात पहिली शंका आहाराची असते. ती योग्य आहे, पण तिचे उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. कडक ज्वारीची भाकरी आठवडाभर टिकते. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस मऊ राहते. शेंगदाण्याची चटणी लसूण न घालता घरी कुटता येते. गूळ, शेंगा, खाकरा आणि गाळून उकळलेले पाणी एवढे सोबत असले की वाटेवरच्या टपरीतील बटाटेवड्याकडे पाहण्याची गरज उरत नाही. चौविहार पाळणाऱ्याने दिवसाचा हिशेब सूर्यास्तापासून उलटा मांडावा. डिसेंबरात सोलापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे साडेचारपर्यंत मुक्काम गाठला पाहिजे. सामान्य प्रकृतीचा माणूस साध्या सायकलवर तासाला बारा ते पंधरा किलोमीटर जातो. विश्रांती धरून साठ-सत्तर किलोमीटरचा दिवस आरामात होतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, अशा मुदतीच्या ज्या मोहिमा आजकाल तरुणांत लोकप्रिय आहेत, त्यांत रात्रीचे चालवणे आणि रात्रीचे खाणे दोन्ही येते. त्यांची मातब्बरी मान्य करूनही तो या लेखाचा विषय नव्हे. (इंग्लंडात जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तेव्हा तेथे जाणाऱ्या चौविहारीची चंगळ असते; तेथेच डिसेंबरात गेल्यास चारच्या आत जेवण आटोपावे लागते.)

पहिली सहल दक्षिणेची करावी. हत्तरसंग-कुडल हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव भीमा आणि सीना यांच्या संगमावर आहे. विजापूर रस्त्यावर काही अंतर गेल्यावर महामार्ग सोडायचा आणि मंद्रूपच्या बाजूच्या गावरस्त्यांनी नदीकडे उतरायचे. जाऊन-येऊन हा एका दिवसाचा प्रवास आहे. या पट्ट्यात वाट विचारली तर उत्तर मराठीत येईल की कन्नडमध्ये, हे सांगता येत नाही. बहुधा दोन्हींत येते. नदी जवळ आल्याची पहिली खूण म्हणजे ऊस. तो दिसू लागला की कोरडवाहू मुलूख मागे पडला असे समजावे. उजनीतून शहराच्या पिण्यासाठी पाणी सोडलेले असेल तर पात्र भरलेले दिसते. एरवी खडक उघडे असतात आणि संगम नेमका कोठे होतो ते स्पष्ट कळते.

येथे संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन प्राचीन मंदिरे आहेत. मातीखाली गेलेले हरिहरेश्वराचे मंदिर गेल्या शतकाच्या अखेरीस उत्खननातून वर आले. त्यात एका पिंडीवर ३५९ शिवमुखे कोरलेली आहेत. मूळ पिंडी धरून संख्या ३६० होते. मराठी माणसाने येथे यावे याचे याहून मोठे कारण संगमेश्वराच्या मंदिरात आहे. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८, असा काळ स्पष्ट नोंदवलेला मराठी लेख तेथे तुळईवर कोरलेला आहे. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचे त्याचे शेवटचे शब्द आहेत. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या पायाशी चामुंडरायाचे नाव घेणारा मराठी लेख जैन वाचकांना परिचित आहे, आणि मराठीचा आद्य शिलालेख म्हणून शाळेत बहुतेकांनी तोच पाठ केलेला असतो. ज्या लेखाच्या जोडीने त्याचे नाव आता घेतले जाते, तो सोलापूरपासून सायकलच्या टप्प्यात आहे, हे मात्र सोलापुरातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. मोटारीने येणारे दर्शन घेऊन वीस मिनिटांत निघतात. सायकलवाल्याला पाय मोकळे करायचे असतात, म्हणून तो तास-दीड तास थांबतो. तुळईकडे मान वर करून पाहण्याइतका वेळ त्याच्यापाशी असतो.

मंगळवेढ्याच्या वाटेवरील माचणूर आणि हैदराबादच्या वाटेवरील नळदुर्ग हेही एका दिवसाचे पल्ले आहेत. भीमेच्या काठी माचणूरचा सुंदर घाट आहे आणि शेजारच्या ब्रह्मपुरीस औरंगजेबाची छावणी १६९५ पासून काही वर्षे पडलेली होती. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून आदिलशाही काळात बांधलेला पाणीमहाल आहे. दोन्ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत. मात्र तेथे जाताना बराच काळ चौपदरी रस्त्याच्या कडेने जावे लागते, आणि ज्याच्या शेजारून साखर कारखान्याचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि कंटेनर धावत आहेत त्याला निसर्गशोभा सुचत नाही. लहान मुले बरोबर असतील तर ही दोन ठिकाणे मोटारीनेच करावीत.

खरा आनंद उत्तरेच्या वाटेवर आहे. सोलापूरहून कारंबा, नान्नज, वडाळा, वैराग असे करीत बार्शीस सुमारे सत्तर किलोमीटर होतात. वर्दळीत हा रस्ता इतरांच्या मानाने सौम्य आहे, आणि जेथे वर्दळ वाटेल तेथे मार्डीकडून वळसा घेता येतो. शहर सोडल्यावर तासाभरात माळ सुरू होतो. सोनेरी, गुडघ्याएवढे गवत आणि त्यात काळविटांचे कळप. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्याचा हा गाभा. आरंभी त्याचे क्षेत्र कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते, त्यात गावेच्या गावे येत; पुढे ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. मात्र ज्याच्यासाठी हे सर्व झाले तो माळढोक आता येथे क्वचितच दिसतो. गवताळ माळ नांगराखाली आले, विहिरी झाल्या, विजेच्या तारा आल्या. जड अंगाच्या आणि समोरचे नीट न दिसणाऱ्या या पक्ष्याला उडताना त्या तारा चुकवता येत नाहीत. यात कोणा एकाला दोषी धरणे कठीण आहे. याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका ही द्राक्षाची जात शोधली आणि तिने या कोरड्या टापूतल्या कित्येक घरांना पक्के छप्पर दिले. द्राक्षबाग आणि माळढोक एकाच वावरात नांदत नाहीत. अहिंसेचा विचार घरात लहानपणापासून ऐकलेल्या मुलांना हा पेच पुस्तकातून समजत नाही; एका हाताला बाग आणि दुसऱ्या हाताला रिकामा माळ पाहिला की समजतो. सायकलस्वारांनी येथे रस्ता सोडून गवतात शिरू नये आणि अभयारण्याचे प्रवेशाचे नियम पाळावेत.

माळावर आणखी एक शत्रू भेटतो, तो म्हणजे सराटा. रस्त्याच्या कडेला पसरलेल्या या वेलीचे काटेरी फळ टायरमध्ये घुसते, आणि त्यातून सुटलेल्याला बाभळीचा काटा गाठतो. दोन जादा ट्यूब, हवा भरायचा पंप आणि ट्यूब बदलण्याचा सराव यांशिवाय या वाटेला लागू नये. वैरागपर्यंत पंक्चर काढणारा मिळेलच याची खात्री नाही. सायकल फार भारी असण्याची मात्र गरज नाही. थोडे रुंद टायर, पाच-सहा गिअर आणि मागे मजबूत कॅरिअर एवढे पुरते. साठी ओलांडलेल्यांनी बॅटरीची मदत घेणारी सायकल वापरली तर त्यात कमीपणा मानू नये.

दुपारी बार्शीत पोहोचावे. भगवंताच्या या गावाचा व्यापार एकेकाळी इतका मोठा होता की केवळ त्याच्या मालासाठी १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून अडीच फूट रुंदीची रेल्वे टाकली गेली. बार्शी लाइट रेल्वे ती हीच. पुढे ती येडशी, तडवळे करीत लातूरकडे आणि दुसऱ्या अंगाने पंढरपूरमार्गे मिरजेकडे गेली. सोलापूरच्या हिराचंद दोशी यांच्या घरात जन्मलेले वालचंद, ज्यांनी पुढे देशाला जहाज, विमान आणि मोटार यांचे कारखाने दिले, त्यांनी फाटक यांच्या भागीदारीत घेतलेल्या अगदी सुरुवातीच्या कंत्राटांत याच छोट्या रेल्वेचे काम होते. पुढे हा मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा धाराशिव शहर जोडण्यासाठी येडशीच्या पुढील आखणी बदलण्यात आली.

येथे पुन्हा इंग्लंडकडे पाहणे उपयोगाचे आहे. तेथे मोटारी येण्यापूर्वी, १८८६ मध्ये, रस्तेसुधारणेसाठी जी संस्था उभी राहिली ती सायकलस्वारांनी उभी केली होती. पुढे मोटारींनी तेच रस्ते व्यापले आणि सायकलस्वार कडेला लोटला गेला. तेव्हा ब्रिस्टल शहरातील काही नागरिकांनी बाथ शहरापर्यंतच्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची पट्टी मागून घेतली आणि १९७९ ते १९८६ या काळात स्वयंसेवकांच्या श्रमांतून तिच्यावर वीसेक किलोमीटरची सायकलवाट तयार केली. देशभरच्या सायकलमार्गांच्या जाळ्याची ती सुरुवात ठरली. रेल्वेला चढ चालत नाही, म्हणून जुन्या रेल्वेचा भराव सायकलला आणि पायी चालणाऱ्याला सारखाच सुखाचा असतो. आपल्याकडे सुटलेल्या जुन्या मार्गाचे जे तुकडे असतील ते शेतात विरून जाण्यापूर्वी त्यांचा असा विचार कोणी करील काय, हा प्रश्न बार्शी-धाराशिवच्या व्यापारी मंडळींनी विचारण्याजोगा आहे.

आणि तो केवळ सायकलच्या हौसेचा प्रश्न नाही. याच रस्त्यांवरून साधु-साध्वींचा विहार चालतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात महामार्गाच्या कडेने चालणाऱ्या त्यागींना भरधाव वाहनाची धडक बसल्याच्या बातम्या समाजात वारंवार येतात. प्रत्येक वेळी शोकसभा होते, निवेदन दिले जाते, आणि पुढील विहार पुन्हा त्याच कडेने होतो. सायकलला जी वाट हवी तीच विहाराला हवी: गावातून जाणारी, झाडांची, आठ-दहा किलोमीटरवर थांबण्याची जागा असलेली आणि जड वाहनांपासून दूर. शासन हे करू शकत नाही असे नाही. आळंदी आणि देहूहून पंढरपूरकडे येणाऱ्या पालखीमार्गांच्या रुंदीकरणात वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट आखली गेली. २०२१ मध्ये त्या कामांची पायाभरणी झाली. नातेपुत्याजवळ दहिगावच्या क्षेत्री जाणारे जैन यात्रेकरू त्या मार्गानेच जातात आणि फरक पाहतात. वारकऱ्यांची मागणी ऐकली गेली, कारण ते वर्षानुवर्षे त्या रस्त्यावर प्रत्यक्ष चालत राहिले. ज्या वाटेवर कोणी जात नाही तिच्यासाठी कोणी मागणीही करीत नाही. जुन्या गावरस्त्यांवर महिन्यातून एकदा जरी चार कुटुंबे सायकल घेऊन उतरली, कोठे सावली आहे, कोठे पाणी, कोठे शाळेचा ओटा मुक्कामास मिळतो याची टिपणे ठेवू लागली, तर विहाराच्या व्यवस्थेला त्यांचा उपयोग आजच होईल. असली वही लिहिण्याचा सराव व्यापाऱ्याच्या घरात असतोच.

बार्शीतला मुक्काम नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्या पेढीवर होतो. सोलापूरकरांचे कोणी ना कोणी तेथे असतेच. दुसऱ्या दिवशी पहाटे भूमच्या दिशेने निघावे. आता बालाघाटचे चढ सुरू होतात आणि पहिल्यांदाच सायकलवरून उतरून ढकलण्याची वेळ येते. ज्वारी मागे पडते, कुरणे आणि दुभती जनावरे वाढतात. वाटेत गावोगाव खव्याच्या भट्ट्या लागतात. सकाळच्या वेळी कढईत सतत फिरणाऱ्या उलथन्याचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो. दहाच्या सुमारास भट्टीवर थांबले तर गरम खवा पानावर मिळतो आणि चढाचा शीण उतरतो.

कुंथलगिरीची टेकडी लहान आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींची ही निर्वाणभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये येथेच सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर रोजी देह ठेवला. त्या दिवसांत दक्षिणेतून आणि गुजरातेतून आलेली माणसे बैलगाड्यांनी, सायकलींनी आणि पायी या रस्त्यावर लोटली होती, हे जुन्या घरांतून अजून ऐकायला मिळते. सायकली पायथ्याशी लावून, हातपाय धुऊन वर जावे. वरून पाहिले की ज्या वाटेने आलो ती बारीक रेघ बालाघाटच्या वळ्यांतून दूरवर उतरत गेलेली दिसते. खाली क्षेत्राच्या भोजनशाळेत जेवण लवकर असते, तेव्हा रेंगाळू नये. परतीसाठी बार्शीपर्यंत उतार आहे आणि तेथून कुर्डुवाडीमार्गे रेल्वे. सायकल सामानाच्या डब्यात टाकण्यासाठी स्टेशनवर अर्धा तास आधी पोहोचावे. कुंथलगिरीचे पेढे घरी न्यायचे असतील तर डबा कॅरिअरला बांधू नये. गावरस्त्याच्या धक्क्यांनी त्यांचा पुन्हा खवा होतो.